फोनाआधी ओवलेल्या माळा

रविवारी सकाळी नगरच्या मैदानावर नाशिकच्या मुली खो-खोची राज्य फायनल एका गुणानं हरल्या, तेव्हा गोटीराम तात्यांच्या शेडमध्ये झेंडूच्या माळांचा ढीग कमरेला लागत होता.

कुणाला पटेचना. तात्यांच्या धाकट्या मुलानं, महेशनं, तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल उचलला, जवळून पाहिला, लांब धरून पाहिला. पडद्यावर दुसऱ्याच पोरी एकमेकींना मिठ्या मारत होत्या. "थांबा, आपल्यांनी दाद मागितली असणार," तो म्हणाला. कुणीही दाद मागितली नव्हती. बाहेर अंगणात डीजेवाले स्पीकर उतरवत होते. त्यांच्यापर्यंत बातमी पोचायची होती, म्हणून त्यांनी मोठ्या उत्साहानं एक गाणं वाजवून पाहिलं. त्या गाण्यानं शेडमधली सगळी माणसं दचकली.

छाया शेवटच्या माळेला गोंडा लावत बसली होती. सुई बोटात तशीच राहिली. शेवटच्या पाळीत तिची हर्षाली, संघाची कॅप्टन, जिला पकडता पकडता समोरच्यांना घाम फुटायचा ती हर्षाली, मैदानात उतरल्या उतरल्या खांबापाशी सापडली होती. कॅमेऱ्यानं तिचा चेहरा दाखवला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ती वाकलेली तेवढी दिसली. 

"बंद कर ते!" छायाचा नवरा सोमनाथ ओरडला. डीजेवाल्यांना की महेशला, ते कळलं नाही. दोघांनीही बंद केलं.

या घराचा एक दंडक होता. मुली जिंकल्याचा फोन आल्याशिवाय सुईत दोरा घालायचा नाही. तात्यांनी तो घालून दिला तेव्हा गंगापूर रोडला दोन्ही अंगांनी मळे होते आणि फोन फक्त वाण्याच्या दुकानात होता. तिथून कुणीतरी ओरडत यायचं, मग घरातलं झाडून सगळं माणूस फुलं तोडायला वावरात धावायचं, आणि मुली वेशीत येईपर्यंत माळा पुऱ्या होतील की नाही याचीच धाकधूक असायची. छाया नवी सून म्हणून आली त्या साली तिनं ओल्या फुलांच्या माळा तशाच पळत नेल्या होत्या. ब्लाउज भिजला होता आणि हसून हसून पोट दुखलं होतं.

पुढं मुली दरसाल जिंकायला लागल्या. जिंकणं मार्गशीर्षातल्या गुरुवारासारखं झालं, ठरल्या दिवशी यायचंच. एका वर्षी सोमनाथ म्हणाला, दोरा तरी घालून ठेवा. पुढच्या वर्षी फुलं तोडून ठेवली. फायनलच्या आधीच लोक सोमनाथला विचारू लागले, अण्णा, मिरवणूक किती वाजता? सेमीफायनल तर कुणी बघेनासंच झालं. मागच्या साली मुली ओढाताणीनं जिंकल्या तर चौकातले लोक म्हणाले, यंदा मजा नाही आली. आणि यंदा सोमनाथनं शनिवारी सकाळीच सगळा पट्टा तोडून घेतला. संध्याकाळपर्यंत माळा तयार. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. फूल तोडायची वेळ ज्यांना जन्मापासून कळते, त्यांनी हा गाढवपणा करावा म्हणजे कमाल झाली. पण छाया तरी कुठं बोलली होती? काम लवकर उरकतंय म्हटल्यावर तिनंही पदर खोचला होता.

दुपार झाली तरी शेडमधलं कुणी जेवायला उठलं नव्हतं. "ताई, जरा आत या," चैताली दारातून म्हणाली.

चैताली म्हणजे महेशची बायको. दोघं इंदिरानगरला राहायची. दिवाळीत मळ्याच्या वाटणीवरून दोघी जावांचं जे वाजलं, तेव्हापासून त्या एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. चैताली आज काठपदराची साडी नेसून आली होती, मिरवणुकीत फेटा बांधायचा म्हणून. स्वयंपाकघरात तिनं दार लोटून घेतलं.

"तुम्हांला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच दाखवते," ती म्हणाली आणि तिनं मोबाइल पुढं केला.

मिरवणूक काढणाऱ्या मंडळाच्या ग्रुपवर सोमनाथचा आवाज होता. शेवटची पाळी चालू असतानाच त्यानं तो पाठवला होता. शेडमधून मध्येच उठून तो विहिरीकडं गेला होता, ते छायाला आठवलं.

"त्या हर्षालीला खाली बसवा कुणीतरी. सुस्तावली ती. नुसतं कॅप्टन म्हणून मिरवायला पाहिजे. नाशिकचं नाव घालवलं हिनं."

त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. मग इतरांचं सुरू झालं. बापच बोलला म्हटल्यावर बाकीच्यांना रान मोकळं. कॅप्टन बदला, कोच बदला, पोरींना मोबाइलचं वेड लागलंय. ज्यानं त्यानं तोंडसुख घेतलं होतं.

"मुली आहेत का गं या ग्रुपात?" छायानं विचारलं.

"सगळ्या आहेत," चैताली म्हणाली.

तेवढ्यात छायाचा फोन वाजला. हर्षालीच होती. पाठीमागं एसटीचा खडखडाट ऐकू येत होता.

"आई, मी घरी येत नाय. नाशिकला उतरले की स्टँडवरूनच वणीची गाडी धरते. मामाकडं जाते."

"जेवलीस का तू?" छायाच्या तोंडून तेवढंच निघालं.

 हर्षाली म्हणाली, "आज पहिल्यांदा विचारलंस. दरवर्षी पहिलं विचारतेस, किती गुणांनी?"

 खरंच होतं ते.

"अण्णांना सांग, सुस्तावलेली पोरगी निजायला गेली म्हणून. मला न्यायला कुणी येऊ नका." फोन बंद झाला.

छाया ओट्याला टेकली. मामाकडं चार दिवस जाणं ही काही जगबुडी नव्हे, कुणीही म्हणेल. पण या घराचा इतिहास तिला ठाऊक होता. सोमनाथची थोरली बहीण अक्काबाई अशीच चार दिवसांसाठी म्हणून रुसून गेली होती. तिला आणायला कुणी गेलं नाही, कारण येईल की आपली आपण, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. अक्काबाईच्या पोरांची लग्नं झाली, तरी तिनं या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. या घरातली माणसं रुसण्यात पक्की आणि आणायला जाण्यात कच्ची. हर्षाली आज वणीच्या गाडीत बसली तर गेली, हे छायाला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं.

ती शेडमध्ये आली तेव्हा दोघा भावांची जुंपली होती.

"दादा, खरं सांगू? आपले लोक शेफारलेत," महेश म्हणत होता. "जिंकायची इतकी सवय झालीय की खेळ बघायचा असतो हेच विसरलेत. एक फायनल हरल्या तर लगेच..."

"तू नको शिकवू," सोमनाथ म्हणाला. "तू आज कशाला आलास? मिरवणुकीला! परवा सेमीफायनल झाली, तेव्हा होतास कुठं?"



"आम्ही फेटे बांधायला आलो होतो," चैताली मागून म्हणाली. "शेफारलेल्यांत आम्हीही आलो."

नवऱ्याच्या विरुद्ध तिला बोलताना छायानं आज पहिल्यांदा ऐकलं. पण थांबायला वेळ नव्हता. ती सरळ सोमनाथसमोर जाऊन उभी राहिली.

"ग्रुपवर काय बोललात तुम्ही?"

सोमनाथनं मान दुसरीकडं वळवली. "मी बाप म्हणून नाय बोललो ते. नाशिककर म्हणून बोललो."

"मग बाप कधी बोलायचाय?"

 तात्या खाटेवर बसले होते, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून. सोमनाथनं त्यांच्याकडं पाहिलं. तात्या आपली बाजू घेतील असं त्याला वाटलं असावं, आणि ते वाटणं फार चुकीचंही नव्हतं.

"पोरीनं नाव घालवलं हे खरं हाय," तात्या म्हणाले. "मी बी बघितलं. लय लवकर सापडली."

छायाचा धीर सुटत चालला. "तात्या, ती घरी येत नाय म्हणते. स्टँडवरून वणीला चाललीय. अक्काबाईंसारखी."

अक्काबाईचं नाव या घरात तात्यांसमोर कुणी काढत नसे. म्हाताऱ्यानं काठी उचलून माळांच्या ढिगाकडं रोखली. 

"सोमनाथ," ते म्हणाले, "ओवलेली माळ घरात निजवायची नाय. कुणाच्या तरी गळ्यात जाऊ दे, नायतर गंगेला दे. पण ह्या माळा इथून हलव."

सोमनाथला हेच पाहिजे होतं. त्या ढिगाकडं त्याला बघवत नव्हतं. "गोदावरीत सोडून येतो," तो म्हणाला आणि त्यानं छोटा हत्ती टेम्पो शेडला लावला. माळा चढवताना तो कुणाशी बोलला नाही. फक्त एक माळ त्यानं बाजूला काढली. शेवंतीची, मध्ये लाल गुलाब घातलेली. कॅप्टनची माळ. ती दरवर्षी तो स्वतः ओवायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. ती त्यानं ढिगावर टाकली नाही. पुढं, ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली.

छायानं ते पाहिलं. तिनं चपला घातल्या आणि शेजारी जाऊन बसली.

"तू कशाला?"

"माळा मी ओवल्यात."

मागं चैताली काठपदर सावरत ढिगात चढत होती. "मी पण येते, ताई," ती म्हणाली. "साडीचं काय व्हायचं ते होवो." महेश डीजेवाल्यांची समजूत काढायला मागं राहिला. एवढं तरी त्यानं केलं.

रस्त्याला लागल्यावर छाया म्हणाली, "गंगेकडं नाय. स्टँडकडं घ्या."

"लोक बघतील."

"कुणाला? पोरींना की तुम्हांला?"

 सिग्नलला गाडी थांबली. मांडीवरच्या माळेतली एक सुटलेली पाकळी तो बोटांनी चोळत राहिला.

"छाया," तो हळूच म्हणाला, "ती उतरली आणि माझ्याकडं बघितलंच नाय तर?"

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा असा आवाज तिनं फार थोड्या वेळा ऐकला होता. तिला त्याचा राग आला होता तो आलाच होता, पण त्यातूनही कणव दाटून आली.

"नाय बघितलं तर नाय बघितलं," ती म्हणाली. "तुम्ही आला होतात, एवढं तरी तिला कळेल."

सिग्नल सुटला. त्यानं गाडी स्टँडकडं घेतली.

ऊन उतरत आलं होतं. दरवर्षी मंडळाची उघडी जीप मुलींना आणायला जायची. आज नगरची एसटी फलाटाला लागली, बाजारकरी उतरले, आणि सगळ्यांच्या शेवटी मुली उतरल्या. छायानं त्यांना आधी ओळखलंच नाही. सगळ्यांनी आपापली जॅकेटं उलटी घातली होती, आतलं अस्तर बाहेर. पाठीवरचं नाशिक कुणाला दिसू नये म्हणून. ते पाहून तिला रडू कोसळायचंच राहिलं होतं.

हर्षाली कुणाकडं न बघता वणीच्या फलाटाकडं निघाली होती. छाया हातात माळा घेऊन तिला आडवी गेली.

"आई, मी सांगितलं होतं ना, येऊ नका!"

"आलेय आता."

माळा बघून हर्षाली मागं सरली. "हे नको. लोक हसतील. जिंकून आल्यावर घालायच्या माळा हेत ह्या."

"तुला कुणी सांगितलं?" छाया म्हणाली. "काल ओवल्यात ह्या. फोन यायच्या आधी. काल तुम्ही कुठं हरला होतात?"

 हर्षालीच्या मागून सृष्टी, संघातली सगळ्यांत धाकटी पोर, फिस्सकन हसली आणि हसता हसताच रडायला लागली. तिनं मान पुढं केली. छायानं तिच्या गळ्यात माळ घातली. मग दुसरी आली, तिसरी आली. चैताली गाडीतून माळा उतरवून देत होती, तिच्या जरीच्या काठाला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. वणीच्या गाडीचा कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून हे सगळं बघत उभा होता.

हर्षालीनं मान पुढं केली नाही.

"अण्णा कुठं हेत?" तिनं विचारलं.

"गाडीत."

ती टेम्पोच्या खिडकीपाशी गेली. सोमनाथ दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसला होता. मांडीवर ती माळ.

"त्या पोरी चांगल्या खेळल्या, अण्णा," हर्षाली म्हणाली. "मी सुस्तावले नव्हते. त्यांच्या त्या मुलीनं मला हुलकावणी दिली, मी फसले. तुमच्या मंडळाला हे कळतच नाय. समोर पण कुणीतरी खेळतं. त्यांच्या घरी पण कुणीतरी वाट बघतं."

"माझं चुकलं, बाळा."

"बोलताना सगळ्या गावासमोर बोललात. चुकलं ते खिडकीतून हळूच?"

 मागं वणीच्या गाडीनं इंजिन सुरू केलं. छाया मध्ये पडणार होती, पण चैतालीनं तिचा हात धरून ठेवला.

"घरी कुठल्या रस्त्यानं नेणार?" हर्षालीनं विचारलं.

"कॅनॉलच्या कडेनं जाऊ. गर्दी नसते."

"मिरवणूक दरवर्षी चौकातून जाते. मी मागं बसते. कॅनॉलला वळलात तर फाट्यावर उतरेन, तिथूनही वणीची गाडी मिळते."

एवढं बोलून ती मागं जाऊन चढली. बाकीच्या मुलीही चढल्या. कंडक्टरनं छायाकडं पाहून मानेनंच विचारलं. छायानं नाही म्हणून मान हलवली, पण तिची तिलाच खात्री नव्हती.

गंगापूर रोड लागला. सोमनाथचा फोन वाजला. मंडळाचा वाल्मीक होता, त्याचा आवाज छायालाही ऐकू आला. "अण्णा, पोरी तुमच्या गाडीत हेत म्हणे. चौकातून नका येऊ. लोक बसलेत, काय बी बोलतील. तुमची इज्जत जाईल."

सोमनाथनं फोन ठेवून दिला. समोर फाटा आला. उजवीकडं कॅनॉलचा रस्ता, झाडांच्या सावलीतला, रिकामा. त्याचा हात उजव्या इंडिकेटरकडं गेला, तिथं थबकला. मागच्या काचेतून छायाला हर्षाली उभी दिसली. तिनं टेम्पोच्या दांडीवर हात ठेवला होता, उतरायच्या तयारीत.

छायानं नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगून झालेलं होतं सगळं.

सोमनाथनं हात काढला आणि गाडी सरळ घेतली. चौक दिसायला लागल्यावर त्यानं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला, दरवर्षी जिंकून येताना धरायचा तसा.

चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघू लागले. वडापाववाल्याचा झारा कढईवर थांबला. टाळी कुणी वाजवली नाही. टेम्पो चौकाच्या मधोमध थांबला आणि सोमनाथ ती माळ घेऊन खाली उतरला.

"अण्णा, ही कसली मिरवणूक?" टपरीवरून कुणीतरी ओरडलं. दोघंतिघं हसले.

सोमनाथ टेम्पोच्या चाकावर पाय देऊन चढायला लागला. वयानं त्याला ते जमेना, एकदा पाय घसरला. हर्षाली वर उभी होती, तिनं हात दिला नाही. तो पुन्हा चढला, तोल सावरला, आणि टपरीकडं वळून म्हणाला, "माझी पोरगी खेळून आलीय."

आवाज फाटला होता, पण चौकभर गेला. 

त्यानं माळ उचलली. चाकावर उभं राहून त्याचे हात तिच्या गळ्यापर्यंत पोचत नव्हते. हर्षालीनं अंगातलं उलटं जॅकेट काढलं, सावकाश सुलटं केलं, पुन्हा घातलं. चेन गळ्यापर्यंत ओढली. मग तिनं मान वाकवली.